उटनूर: एका पितळी पट्टीसाठी

उटनूरला रेल्वे नाही. एका बाजूला आदिलाबाद, दुसऱ्या बाजूला मंचेरियाल, ही त्याची जवळची स्टेशनं. मधे सागवानाचं जंगल आणि घाटाचा रस्ता. तरीही रेल्वेच्या फलाटावरच्या एका जुन्या यंत्राचा हरवलेला भाग करून घ्यायला आम्ही गेल्या हिवाळ्यात त्याच बाजूला गेलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

यंत्र म्हणजे फलाटावरचं वजनाचं यंत्र. तुमच्यापैकी जे आता विशीत आहेत त्यांनी ते बहुधा चालू असलेलं पाहिलं नसेल. माणसापेक्षा उंच लोखंडी पेटी, तळाशी उभं राहायची फळी, वर काचेआड फिरणारी रंगीत चकती आणि लुकलुकणारे दिवे. फळीवर चढायचं, चकती थांबेपर्यंत हलायचं नाही, मग खाचेत नाणं टाकायचं. आत खडखड व्हायची आणि वाटीत जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. तिकिटावर वजन, भविष्याची एखादी ओळ आणि मागे सिनेमातल्या नटाचा नाहीतर नटीचा फोटो. आमच्या आईच्या पिढीतली भावंडं एकाच नाण्यात दोघांचं वजन करून घ्यायला एकदम चढायची आणि मग गाडी येईपर्यंत वजाबाकीवरून भांडायची.

माझा मामेभाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात, नागपूरला अशी नाण्यावर चालणारी जुनी यंत्रं गोळा करून दुरुस्त करतो. संग्रह तसा लहान आहे. दोन वजनयंत्रं, रुपयाच्या नाण्यावर चालणारा एक टेलिफोन आणि दांडा फिरवला की गोळी देणारी काचेची बरणी. सगळं भंगारातून आलेलं. भंगारात आलेल्या यंत्राचं पितळ सगळ्यांत आधी नाहीसं होतं, कारण पितळाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. त्यामुळे दादाच्या दुसऱ्या वजनयंत्राला सगळं होतं, फक्त नाणं टाकायच्या खाचेची पितळी पट्टी नव्हती. चेहऱ्याला तोंडच नसावं, तसं ते दिसायचं.

ही यंत्रं काही कालची नाहीत. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक पंडिताने पहिल्या शतकात देवळातलं तीर्थ देणाऱ्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. नाणं तरफेच्या एका टोकाला असलेल्या ताटलीत पडे, ताटली खाली झुके, दुसऱ्या टोकाची झडप उघडे, आणि नाणं घसरून पडेपर्यंत पाणी येत राही. त्यानंतर अठरा शतकं ही कल्पना जवळजवळ झोपूनच होती. १८८०च्या दशकात लंडनमध्ये पोस्टकार्ड देणारी यंत्रं आली, जर्मनीत श्टोलवेर्क कंपनीची चॉकलेटची यंत्रं आली, न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगगमची यंत्रं आली. १९०२ साली फिलाडेल्फियात हॉर्न अँड हार्डार्टचं ऑटोमॅट उघडलं. तिथे भिंतीतल्या काचेच्या कप्प्यांत जेवण ठेवलेलं असे आणि नाणं टाकलं की कप्पा उघडे. आपल्याकडे या घराण्यातलं जे सगळ्यांच्या ओळखीचं झालं ते मात्र वजनयंत्र. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाकडे वेळही असतो आणि खिशात सुटं नाणंही.

यंत्राला नाणं कसं कळतं? त्याला वाचता येत नाही, म्हणून ते मोजतं. खाचेची लांबी व्यास मोजते, खाचेची रुंदी जाडी मोजते, आतला लहानसा पाळणा वजन मोजतो. काही यंत्रांत लोहचुंबकही असतो, तो लोखंडाची खोटी चकती वाटेतच धरून ठेवतो. ठरलेल्या वजनाचं नाणं पाळण्यात पडलं की तरफ झुकते आणि पुढची चाकं मोकळी होतात. यंत्र तुमचं नाव विचारत नाही, जात विचारत नाही, तोंड पाहून भाव बदलत नाही. त्याचा सगळा विश्वास त्या नाण्याच्या अंगावर असतो.

आणि आपल्या रुपयाने नेमका तिथेच त्याला दगा दिला. १९६२चा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा होता. १९७५मध्ये तो तांबं-निकेलचा आणि ८ ग्रॅमचा झाला. १९८०च्या दशकात ६ ग्रॅमचा आणि २६ मिलिमीटरचा झाला. १९९२पासून पोलादी, ४.८५ ग्रॅमचा. २०११पासून ३.७९ ग्रॅमचा, जेमतेम २२ मिलिमीटरचा. म्हणजे पन्नास वर्षांत रुपया निम्म्याहून हलका झाला. दर बदलाला प्रत्येक यंत्र उघडायचं, पाळणा बदलायचा, खाच बदलायची. हा खर्च करून वर एका वजनामागे मिळणार एक रुपया. घरोघरी वजनकाटे आले, दवाखान्यांत इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि फलाटावरची पेटी कोपऱ्यात गेली.

दादाच्या यंत्रातला पाळणा १९८०च्या दशकातल्या रुपयाच्या मापाचा आहे. पट्टीचं माप त्यावरून आणि पेटीवर उरलेल्या स्क्रूच्या भोकांवरून काढता आलं. पहिल्या यंत्राची पट्टी नमुन्याला होतीच. जाड, ओतीव, कडेला गोलाई असलेली, खाचेखाली नाणं टेकवायला लहानसा ओठ असलेली. पत्रा कापून तशी होत नाही. नागपुरात दोन ठिकाणी विचारलं, तर एकच उत्तर मिळालं: शंभर नग असतील तर या. एका नगासाठी साचा कोण करणार?

मग मामींना आदिलाबादच्या ओझा कारागिरांची आठवण झाली. त्यांच्या देव्हाऱ्यातली पितळी घंटा तिकडचीच.

नागपूरहून हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करत राष्ट्रीय महामार्ग ४४ने खाली उतरलं की पैनगंगा ओलांडताच तेलंगण लागतं. दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात, पण कानावर पडणारं बोलणं लगेच बदलत नाही. बदलेल कसं? १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आणि सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात. सीमारेषा नंतर आली, सोयरिकी आणि बाजार आधीचे. या भागातल्या परधानांची तर घरची भाषाच मराठी. गोंडांच्या वंशकथा किंगरीवर गाऊन सांभाळणारी ही माणसं.

आदिलाबाद मागे टाकून गुडीहतनूरला महामार्ग सोडायचा आणि इंद्रवेल्लीवरून उटनूर गाठायचं. वाटेतच केस्लापूरचा फाटा आहे. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे गोंड पायी गोदावरीचं पाणी आणून तिथल्या नागोबाला वाहतात आणि मोठी जत्रा भरते. इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१च्या गोळीबारात बळी गेलेल्या आदिवासींचा स्तूप आहे. जमिनीच्या हक्कासाठी जमलेली ती माणसं होती. तिथे आम्ही थांबलो, पाच मिनिटं गप्प उभे राहिलो आणि पुढे निघालो.

उटनूर म्हणजे गोंड राजांच्या किल्ल्याचं गाव. आता त्याची ओळख एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचं ठाणं म्हणून जास्त. आसपासच्या पाड्यांवरून माणसं कागदपत्रांसाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी इथे येतात. आदिवासी महिला इथे मोहफुलांचे लाडू करून विकतात. दादाने आधी नाक मुरडलं आणि मग अर्धा डबा एकट्याने संपवला.

बाजारात मात्र त्याचं लक्ष लाडवांवरून उडालं. एका लमाणी आजींच्या गळ्यात जुन्या नाण्यांची माळ होती. प्रत्येक नाण्याला वर कडी डाखलेली. दादा हळूच म्हणाला, "ही नाणी कुठल्याच यंत्रात जाणार नाहीत." खरंच होतं ते. कडी लागली की नाणं बाजारातून निवृत्त होतं. त्याचं मोल राहतं, पण ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जात नाही. आजींना दादाने विचारलं, यातलं एखादं चारमिनारचं आहे का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "व्हतं, पोरीच्या लग्नात देलं."

चारमिनारचं नाणं म्हणजे हैदराबादचा हाली सिक्का. ब्रिटिश अमदानीत स्वतःचं चलन चालवणारं हे संस्थान होतं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा साधारण हिशेब. नाण्यावर चारमिनार आणि त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचं उर्दू आद्याक्षर. इथल्या आजोबा-आजींना म्हणूनच एका आयुष्यात हाली, कलदार, आणे आणि १ एप्रिल १९५७ला आलेले नवे पैसे, अशी सगळी नाणी पाहावी लागली. हिशेब चुकला तर नुकसान नेहमी अडाणी माणसाचं. वजनाचंही तसंच. कापूस आणि डिंक विकायला आणणाऱ्याला काटा वाचता येत नसेल, तर काटा धरणारा सांगेल ते वजन. हे पाहिल्यावर त्या फलाटावरच्या यंत्राकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. एकाच दरात सगळ्यांना छापील वजन हातात देणारी पेटी ही नुसती गंमत नव्हती.

उशेगाव उटनूरहून जैनूरच्या बाजूला आहे. रस्ता डोंगरातून जातो. वाटेवरच्या भागातच मारलवाई आहे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ १९४०च्या दशकात तिथे राहिले आणि त्यांनी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. गोंडी भाषेची पाठ्यपुस्तकं त्यांनी देवनागरी लिपीत काढली, कारण या भागात मराठीची ओळख होती. त्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

उशेगावचे ओझा कारागीर पितळ ओततात. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, घुंगरं, दागिने पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. आदिलाबादच्या या डोकरा कामाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही गेलो त्या घरी ओट्यावर मातीचे ओले गोळे उन्हात वाळत होते. काका साठीचे असतील. दादाने नमुन्याची पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कोन्या देवाचं हाय जी हे?"

दादाने फोनवर यंत्राचा फोटो दाखवला. काकांचा चेहरा उजळला. "हेमामालिनीचा फोटो निघे, तेच ना? बल्लारशाच्या टेसनावर पाह्यलं व्हतं."

मग काम समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांची रीत अशी. आधी मातीचा गाभा करून वाळवायचा. त्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचे धागे आणि पट्ट्या लावून वस्तूचं रूप घडवायचं. वरून बारीक मातीचा थर, मग जाड मातीचा. एक वाट ठेवायची. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी वितळलेलं पितळ जातं. निवलं की माती फोडायची. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येतच नाही, म्हणून प्रत्येक वस्तूचा साचा एकदाच वापरला जातो. नागपुरात ज्या कारणासाठी नकार मिळाला, तीच इथली रोजची रीत. एकच नग करायचा, हे ऐकून काकांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी आयुष्यभर एकेकच नग केला आहे.

दादाने भीत भीत एक शंका विचारली. पितळ निवताना आकसतं, मग भोकांशी भोकं जुळतील का? काकांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "तांदळाच्या जाडीएवढं मोठं करतो. खाच मात्र तुम्ही कानशीनं घासा." दादाचा हिशेब कागदावर होता: पितळ शेकडा दीड ते दोन आकसतं, पंधरा सेंटीमीटरच्या पट्टीला सव्वादोन ते तीन मिलिमीटर. काकांचा हिशेब बोटात होता. दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच आली.

त्यांच्या मुलाने चहा आणला. तो शहरांतल्या प्रदर्शनांसाठी हत्ती, घोडे, कासवं करतो. मागणी त्यांनाच आहे, म्हणाला. कुळाच्या देवांची कामं वर्षाला थोडीच येतात, आणि मेण, पितळ दोन्ही महाग झालंय. यंत्राची पट्टी त्याने कधी केली नव्हती. तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होता. "अजून काय काय हरवतं अशा यंत्रांचं?" त्याने विचारलं. दादाने यादी सांगितली: मुठी, बिजागऱ्या, कुलपाच्या चकत्या, नाणं परत येण्याची वाटी. त्याने ती वहीत लिहून घेतली, देवनागरीत.

बारा दिवसांनी पट्टी पार्सलने नागपूरला आली. चारपैकी तीन भोकं बरोबर बसली, चौथं थोडं घासावं लागलं. कडेला काकांच्या मेणाच्या धाग्याची बारीक रेघ उमटली आहे. मूळ पट्टीवर ती नव्हती. दादाने ती घासून काढली नाही. उलट पट्टीच्या मागच्या बाजूला वर्ष आणि 'उशेगाव' असं कोरलं, म्हणजे पुढे कुणी यंत्र उघडलं तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते त्याला कळेल. रंगाचंही त्याने तसंच केलं. वरचे दोन थर काढल्यावर खाली मूळ लाल लागला, तिथेच थांबला.

मग घरात वाद झाला तो नाण्याचा. भाच्याचं म्हणणं, आता कोण नाणी बाळगतं, क्यूआर कोड लाव. त्याचं अगदीच खोटं नाही. यूपीआय २०१६मध्ये आलं आणि रुपयादोन रुपयांची देवघेवही फोनवर गेली. इतकी, की २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ शहरांत एक प्रयोग जाहीर केला: क्यूआर कोड स्कॅन करा आणि यंत्रातून नाणी घ्या. नाणं खाऊन वस्तू देणारं यंत्र गेलं आणि नाणं हीच वस्तू म्हणून देणारं यंत्र आलं.

मामांचं मत, पाळणा आजच्या रुपयाच्या मापाचा करून टाकावा, म्हणजे कुणीही चालवू शकेल. दादा म्हणाला, मग मूळ पाळणा जाईल, आणि रुपया पुन्हा बदलला तर पुन्हा तेच. शेवटी तोडगा निघाला तो जुन्याच रीतीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझे मेकॅनिकमध्ये तीनशेहून अधिक जुनी यंत्रं आहेत आणि ती काचेआड ठेवलेली नाहीत. लोक नाणी टाकून ती चालवतात. इंग्लंडमध्ये १९७१ला दशमान चलन आल्यावर जुन्या पेन्या बाद झाल्या, तरी तिथल्या काही जुन्या खेळयंत्रांच्या दालनांत पाहुण्यांना जुन्या पेन्या देतात. दादानेही तसंच केलं. यंत्राशेजारी १९८०च्या दशकातल्या रुपयांचा एक डबा ठेवला. येणाऱ्याने डब्यातून नाणं घ्यायचं, खाचेत टाकायचं, वजन बघायचं. दिवसाअखेरी यंत्राच्या पोटातली नाणी पुन्हा डब्यात.

वजन खरं येतंय का, हे त्याने गॅसच्या सिलिंडरने तपासलं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलंच असतं आणि भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो. यंत्राने दोन्ही वजनं बरोबर छापली. आता सुट्टीच्या दिवशी शेजारची मुलं येतात. आधी चकतीकडे बघतात, मग खाचेकडे, आणि नाणं आत पडल्याचा आवाज आला की दचकतात. फोनवर पैसे गेल्याचा आवाज त्यांना रोजचा आहे, पण दिलेलं नाणं यंत्राच्या पोटात जाताना ऐकणं नवीन आहे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ला तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. अशा वस्तू जमवणाऱ्याला लोक आधी हसतात. पण या प्रवासानंतर मला वाटतं, वस्तू जपणं हे अर्धंच काम आहे. तिचा एकच हरवलेला तुकडा पुन्हा करू शकणारा हात जपला नाही, तर जपलेली वस्तू मुकीच राहते. लोखंडाचं कपाट भंगारातून परत आणता येतं. तांदळाच्या जाडीचा अंदाज बोटातून एकदा गेला, तर तो कुठल्याच बाजारात मिळत नाही.

उटनूरला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. आदिलाबादला मुंबईहून नंदीग्राम एक्स्प्रेस आहे, पुढे बस किंवा गाडी. केस्लापूरच्या जत्रेला जोडून गेलात तर गर्दी असेल, पण पाहायला खूप मिळेल. उशेगावला जाताना घासाघीस करायच्या तयारीने जाऊ नका, घरातली एखादी मोडकी पितळी वस्तू घेऊन जा. दिव्याची तुटलेली कडी, घंटेचा हरवलेला लोळा, डब्याची मूठ, काहीही चालेल. हत्ती-घोडे तुम्ही घ्यालच. पण तुमच्या घरची वस्तू पुन्हा वापरात आणायचं काम त्यांच्याकडे घेऊन गेलात, तर ती खरी ऑर्डर. आणि तुमच्या माळ्यावर, मामाच्या गोदामात किंवा गावच्या जुन्या दुकानात नाण्यावर चालणारं एखादं यंत्र गंजत पडलं असेल, तर त्याला रंग मारण्याआधी आणि विकण्याआधी आतला पाळणा मोजून ठेवा. तो कुठल्या नाण्याची वाट पाहतोय ते त्यावरून कळेल.